आपाला आणायला बेटावर

आमच्या आपाला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, बेटावर दिली तेव्हा जव्हारातल्या बायांनी अम्माचं डोकं खाल्लं. पाण्यावर भेटल्या की एकेकीचं सुरू व्हायचं, "काय गं मणेरणी, सबंध मुलूख ओस पडला होता का, म्हणून पोरगी समुद्रात लोटलीस?" अम्मा कमरेवरची घागर सावरत म्हणायची, "समुद्रात नाही लोटली, समुद्रापलीकडं दिलीय. आणि तुमच्या पोरींनी जमिनीवर राहून काय दिवे लावले ते मला ठाऊक आहे." तोंडाची फटकळ होती माझी अम्मा. मी तिच्यावर गेले असं सगळे म्हणतात, म्हणोत बापडे. पण घरात येऊन घागर उतरवली की ती तशीच चुलीपुढं बसून राहायची. बेट तिनं पाहिलंच नव्हतं. निकाह हिवाळ्याच्या तोंडावर जव्हारला झाला, वरात घाट उतरून गेली, पुढं उन्हाळाभर अब्बा फिरतीवर राहिले आणि मग पावसाळा लागला तो सगळ्या वाटा बंद करूनच. त्या बेटाला चांगलं नाव आहे, पण आमच्या घरात ते कुणी घेत नसे. नुसतं 'बेट' म्हणायचं, आणि म्हणताना आवाज थोडा खाली यायचा.

माझे अब्बा मणेर, म्हणजे बांगड्या भरणारे. बाजारात आमचं एवढंसं दुकान होतं, पण दुकानावर बसणं त्यांना कधी मानवलं नाही. काचेच्या बांगड्यांचा पेटारा डोक्यावर घ्यायचा, मोखाड्याच्या बाजाराला जायचं आणि तिथून पुढं पाड्यापाड्यांवरून बायांचे हात भरत फिरायचं. घरी असले की सकाळी ते पडवीत बसून बांगड्या निवडत. एक बांगडी दुसरीवर हलकेच वाजवून तडा गेलेली ओळखायची, असा तो बारीक टिणटिण आवाज. त्या आवाजानंच मी जागी होत असे. चुलीवर नागलीची भाकरी, सोबत खुरासणीची चटणी, आणि आपाच्या सासरहून मिठाच्या बैलांबरोबर आलेली सुकट भाजली असेल तर सगळ्या आळीला तिचा वास. घरात आम्ही अर्धी मराठी आणि अर्धी आमची घरची बोली बोलायचो. इथं मी सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण संस्थानच्या शाळेत मला तेवढंच लिहायला शिकवलं.

अब्बांच्या धंद्यात एक नेम होता. बाईनं पुढं केलेला हात रिकामा परतवायचा नाही. ती कुणी असो, दिवस बुडत असो, घरी जायची कितीही घाई असो, हात पुढं आला की त्यात बांगडी चढलीच पाहिजे. नाहीतर पेटाऱ्यातली बरकत जाते. त्यांच्या अब्बांनी त्यांना हे सांगितलं होतं आणि त्यांनी ते कधी मोडलं नाही. दुसरी गोष्ट त्यांना नद्यांनी शिकवली होती. आमच्या डोंगरातल्या नद्या पावसात भरवशाच्या नाहीत. वर कुठं तरी ढग फुटतो आणि गुडघाभर पाण्यात चालणाऱ्या माणसावर अचानक लोंढा येतो. अशा वेळी पळायचं नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. पळालं की पाय घसरतो, संपलं. जवळचा मोठा धोंडा गाठायचा, वर चढायचं आणि गप्प बसायचं. पाऊस थांबला की घटकाभरात पाणी उतरतं. अब्बा असे कितीदा तरी पेटारा डोक्यावर धरून धोंड्यावर बसले होते आणि घरी येऊन हसत सांगत, "आज नदीनं बसवून घेतलं, सोडतच नव्हती बाई." मला तेव्हा वाटायचं, पाण्याबद्दल अब्बांना ठाऊक नाही असं जगात काही नसेल.

पावसाळा सरला आणि निरोप आला की आपाला दिवस गेलेत, आठवा लागलाय. अम्मानं चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं. तिची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात सासरीच दगावली होती. माहेरची माणसं आणायला निघाली ती उशिरा, आणि पोचली तेव्हा अंगणात बाज उलटी करून ठेवलेली होती. त्या दिवसापासून अम्माचा एकच हेका: पहिलं बाळंतपण माहेरीच. तसा रिवाजही आहे, पण तिचा तो रिवाज नव्हता, ती धास्ती होती. "मी माझ्या पोरीला माझ्या हातांनी बाळंत करीन," ती अब्बांना म्हणाली, "नाहीतर तुम्ही आणि तुमचा पेटारा, मला तोंड दाखवू नका." अब्बांनी दुसऱ्या दिवशी लक्षाला गाडी जुंपायला सांगितली.

लक्षा मोखाड्याकडच्या पाड्यावरचा. भात आणि नागली करायचा आणि पिकं निघाली की गाडी हाकायचा. अब्बांचा तो जुना सोबती, नदी उतरताना पेटाऱ्याला हात देणारा. त्यानं समुद्र कधी पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता. जकातनाक्यावर संस्थानचा शिपाई डिंकाच्या लाडवांचा डबा उघडून बघत बसला तेव्हा अम्मा त्याला म्हणाली, "खा एक आणि सोड. माझी लेक अडलीय." तो ओशाळला, पण एक खाल्ला मात्र. पुढं इंग्रजी हद्द लागली, माडांचे शेंडे दिसायला लागले आणि हवेला मिठाचा वास आला. किनाऱ्यावर पोचलो तर समोर समुद्र नव्हताच. ओला चिखल, रेती, मध्येमध्ये काळे खडक आणि पार पलीकडं झाडांचा एक हिरवा पुंजका. तेच बेट. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, समुद्र बाजूला होतो आणि रेतीतून वाट उघडी पडते. तीही अवसे-पुनवेच्या आसपासच, एरवी होडीशिवाय गत्यंतर नाही. आम्ही अवसेला पोचलो होतो. बेटावरचा एक म्हातारा आम्हाला घेऊन गेला, नीट पाय टाकायला सांगत. लक्षा बैल तिथल्या एका वाडीत बांधून आमचं सामान घेऊन आला. सारखा मागं वळून बघायचा आणि म्हणायचा, "मणेरदादा, येवढं पानी गेलं कथं?" अब्बा म्हणाले, "उतरलं."

आपाला पाहिलं आणि मी लाजलेच. वर्षभरात ती केवढी बाई झाली होती! उन्हानं काळवंडलेली, पोट हे एवढं, आणि चालणं सुद्धा निराळं, तळवे रोवून चालल्यासारखं. तिनं मला जवळ घेतलं तर तिच्या केसांना मासळीचा वास. मी नाक मुरडलं, तशी ती हसून म्हणाली, "जैबू, तुझ्याही अंगाला येईल दोन दिवसांत, थांब." घर साधंच, कुडाचं, माडाच्या झापांनी शाकारलेलं, पण झाडलोट अशी की जमिनीवर भात वाढून खावा. तिची सासू रुकय्याबी विधवा होती, हाडं मोठी, आवाज मोठा. तिनं आम्हाला तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या आणि कालवांचं झणझणीत कालवण वाढलं. कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. ते फोडून आतलं मांस काढायचं. आपा स्वतः काढून आणायची म्हणे, पोट घेऊन सुद्धा. ते ऐकून अम्माचा घास हातातच राहिला. घरात सारखा समुद्राचा आवाज. मला झोप येईना, आणि आपा मात्र कुशीवर वळून गाढ.

दुसऱ्या दिवशी अम्मानं विषय काढला. जावई मचव्यावर समुद्रात गेला होता, म्हातारे सोडून बेटावरचे सगळेच पुरुष आणि सगळ्या होड्या बाहेर होत्या. रुकय्याबी म्हणाली, "न्यायला माझी ना नाही, विहीणबाई. पण पोट खाली आलंय बघा पोरीचं. आठवा नाही हो हा, मोजताना चुकलंय कुणीतरी. गाडीत हादरे बसले तर वाटेतच होईल. मुलगा येऊ दे, होडीतून अलगद सोडील." अम्मा म्हणाली, "वाटेत झालं तर मी आहे." "आणि इथं झालं तर मी नाही का?" "तुम्ही आहात," अम्मा म्हणाली, "माझ्या बहिणीची सासू पण होती." पुढं दिवसभर भांडी फार आपटली गेली. आपा दोघींच्या मध्ये बसून तांदूळ निवडत होती, मान वर न करता. अब्बांनी निकाल दिला, उद्या सकाळी वाट उघडली की निघायचं.

त्या सकाळी वाट उघडली ती पहाटेच. अब्बांनी नमाज पढून पेटारा उघडला आणि आपाचा हात हातात घेतला. माहेरी निघालेल्या लेकीचे हात मणेराच्या घरी तरी भरलेले हवेत ना! हिरवा चुडा त्यांनी इतक्या हळू चढवला की मलाच मायेनं भरून आलं. तेवढ्यात शेजारची एक बाई दारात आली आणि हात पुढं करून उभी राहिली. "आमचाही भरा की, व्याही. मणेर बेटावर कधी येतो?" अब्बांनी तिचा हात भरला. तिच्यामागं दुसरी. मग तिसरी, सुनेला घेऊन. मग एक म्हातारी, जिच्या मनगटावर बांगडी चढवताना अब्बांना घाम फुटला. अम्मा आत-बाहेर करत होती, "अहो, निघायचंय ना?" अब्बा हताश होऊन तिच्याकडं बघायचे आणि पुढचा हात धरायचे. नेम होता त्यांचा. उन्हं अंगणात आली, बाया येतच राहिल्या, आणि अम्माचं लक्ष चुलीशी उभ्या असलेल्या रुकय्याबीकडं गेलं. रुकय्याबी मागच्या दारानं कुणालातरी खूण करत होती.

"अस्सं!" अम्मा ओरडली. "ही तुम्ही पाठवताय होय एकेकीला! वेळ मारून न्यायला!" रुकय्याबी गोरीमोरी झाली, पण कबूल झाली. "हो, मीच पाठवल्या. आता वाट भरायला लागेल, उशीर झाला, उद्या बघू. कान धरते, पण आज पोरीला बाहेर काढू नका." असं कबूल केल्यावर तिचं कोण ऐकणार? अब्बांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांचा नेम कुणीतरी त्यांच्यावरच उलटवला होता. त्यांनी पेटारा धाडकन बंद केला, आतली काच वाजली, आणि ते बाहेर जाऊन बघून आले. वाट तर चांगली कोरडी दिसत होती. आभाळ निरभ्र, ढगाचं बोटही नाही. "पाऊस नाही, काही नाही," ते म्हणाले, "पाणी येणार कुठून? हिची अजून एक थाप." आपा हळूच म्हणाली, "अब्बा, खरंच उशीर झालाय. उद्या जाऊ." अम्मा तिच्यावर कडाडली, "तूही त्यांच्यातलीच झालीस का आता?" आमच्या वेळी बापापुढं लेकी यापलीकडं बोलत नसत.

डोंगरात आजाऱ्याला नेतात तशी झोळी केली होती, बांबूला जाड चादर बांधून. आपाला तीत निजवलं, पुढं अब्बा, मागं लक्षा, बाजूला गाठोडं घेतलेली अम्मा आणि मी. पेटारा तेवढा मागंच राहिला, मागाहून न्यायचा म्हणून. रुकय्याबी रेतीपर्यंत ओरडत आली, "मणेरभाई, पाया पडते!" अब्बांनी वळूनही पाहिलं नाही. माझा नातू ही गोष्ट ऐकली की विचारतो, दादी, त्यांनी तुम्हाला धरून का नाही ठेवलं? अरे शहाण्या, लेकीच्या बापाला धरून ठेवायला बेटावर त्या दिवशी धडधाकट पुरुष होता कुठं?

आधी वाटेत नुसती ओल होती. मग पावलांच्या ठशांत पाणी साचायला लागलं. मला ते गंमतीचं वाटलं आणि मी मुद्दाम पचपच पाय टाकत होते. झोळीत पडल्या पडल्या आपाला फक्त आभाळ दिसत असणार. तिनं विचारलं, "जैबू, पाण्याचा आवाज कुठून येतोय गं?" मी म्हटलं, "सगळीकडून." ती झोळीत उठून बसायला लागली तसे अब्बा म्हणाले, "हलू नकोस बेटा." आणि त्याच वेळी मला समोर दिसलं. आमच्या पुढं, किनाऱ्याच्या बाजूला, जिथं मघाशी रेती होती तिथून पाणी आडवं वाहत होतं, नदीसारखं, फेस घेऊन. अब्बा थांबले. लक्षा थांबला. दोघांनी एकाच वेळी वर आभाळाकडं पाहिलं, डोंगरातली माणसं बघतात तसं, ढग कुठं फुटला ते बघायला. आभाळ लख्ख होतं. दोघंही बुचकळ्यात पडले.

"धोंडा," अब्बा म्हणाले. उजव्या हाताला एक मोठा काळा खडक होता, माणसाहून उंच. लक्षा म्हणाला, "हां, चढा वर. बसू जरा. उतरंल पानी." आम्ही सगळे चढलो, आपाला दोघांनी वर ओढून घेतलं. खडक सगळा धारदार. माझे गुडघे फाटले आणि आपाच्या हातातल्या नव्या हिरव्या बांगड्या कडाकड वाढल्या, रक्त आलं. अम्मानं तोंडावर हात घेतला, गरोदर लेकीच्या हातातला चुडा असा जाणं म्हणजे काय, ते तिला कुणी सांगायला नको होतं. मी अब्बांना चिकटून बसले आणि खरं सांगते, मला भीती वाटली नाही. अब्बा धोंड्यावर बसले की पाणी उतरतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आम्ही बसून पाण्याकडं बघत राहिलो. खडकाच्या पायाशी एक लहान दगड होता, तो दिसेनासा झाला. अब्बा म्हणाले, "आता उतरेल." मग त्याच्या वरची खाच बुडाली. लक्षानं पाय वर ओढून घेतले.

आपा हाताचं रक्त बघत होती. मग तिनं खडकावर हात फिरवला, खाली, मग वर, मग अगदी माथ्यावर, जिथं अम्मा बसली होती तिथं. "अब्बा," ती म्हणाली, "ही कालवं बघा." अब्बा म्हणाले, "काय बघू?" "कालव पाण्याखाली वाढतं. जिथवर पाणी चढतं तिथवरच ते धरतं. इथं माथ्यापर्यंत आहेत." तिनं पाण्याकडं पाहिलं. "हा खडक बुडतो, अब्बा. रोज बुडतो. आज उधाण आहे, आज तर आपल्या डोक्यावरून पाणी जाईल." अब्बांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान पोरीला समजवावं तसं म्हणाले, "बेटा, मी उभा जन्म पाण्यातून चाललोय. पळायचं नसतं. घटकाभर बस."

आपा उठली. तिनं झोळी सोडून बांबू मोकळा केला आणि खडकावरून खाली पाण्यात उतरली. पाणी तिच्या मांड्यांपर्यंत आलं. अम्मानं वरून तिचा हात धरला, "हलिमा! वेड लागलंय का तुला? कुठं चाललीस?" आपा म्हणाली, "घरी." तिनं बेटाकडं हात केला. त्या एका शब्दानं अम्माचा चेहरा असा उतरला की आज इतक्या वर्षांनीही मला तो जसाच्या तसा दिसतो. "हात सोड अम्मा," आपा म्हणाली, "जैबूला दे माझ्याकडं." मी अब्बांकडं पाहिलं. ते पाण्याकडंच बघत होते. माझे पाय आपोआप खाली सरकले की अम्मानं मला ढकललं, कोण जाणे, पण मी आपाच्या पाठीशी होते, तिचा पदर मुठीत धरून, आणि पाणी माझ्या कमरेला लागत होतं. मग गाठोडं टाकून अम्मा उतरली. लक्षा अब्बांकडं बघत उभा.

थोडं पुढं गेल्यावर आपानं मागं वळून पाहिलं. अब्बा खडकावर तसेच बसलेले, गुडघ्यांना मिठी मारून. त्यांना बेट दिसत होतं, पाणी दिसत होतं, पण खाली उतरणं त्यांना जमतच नव्हतं. आज मी समजू शकते. ज्या एका गोष्टीनं त्यांना आयुष्यभर जगवलं तीच त्यांना सोडायची होती. तेव्हा मात्र मी किंचाळत होते, "अब्बा या! अब्बा या!" आपा ओरडली नाही. तिनं बांबू रेतीत रोवला आणि उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही येईपर्यंत मी पाय उचलणार नाही." अम्मा म्हणाली, "चल गं, येतील ते, चल!" आपा हलेना. पाणी तिच्या पोटाला लागलं. एक लाट आली आणि तिच्या छातीवर फुटली, ती डगमगली, बांबू धरून सावरली आणि पुन्हा तशीच उभी. लक्षानं अब्बांचं मनगट पकडलं. "मणेरदादा," तो म्हणाला, "आथं आपल्या नदीचा कायदा नाय चालं. पोर मरंल. उतर." आणि त्यानं त्यांना ओढूनच पाण्यात घेतलं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. आपा बांबूनं तळ चाचपत पुढं, आम्ही तिच्या पावलावर पाऊल टाकत मागं. "डावीकडं नको, तिथं चर आहे." "इथं जरा थांबा, लाट जाऊ दे." नाकातोंडात खारट पाणी. माझे पाय सुटले तेव्हा लक्षानं मला मानगुटीला धरून उचललं, मांजराचं पिल्लू उचलतात तसं. आणि मग समोरून आवाज आले. बेटावरच्या बाया येत होत्या, कासोटे मारून, एकमेकींच्या हातात हात देऊन, जाळ्याचा जाड दोर कमरांना बांधून, सकाळी अब्बांनी भरलेल्या बांगड्या घातलेल्या त्याच बाया. सगळ्यांत पुढं रुकय्याबी, गळ्यापर्यंत पाण्यात, शिव्या देत. "ये गो पोरी, ये गो माझ्या वाघिणी! डोंगरातल्या गाढवांनो, दोर धरा, दोर!" मी इतक्या शिव्या आयुष्यात एकत्र कधी ऐकल्या नव्हत्या आणि इतक्या गोडही मला पुन्हा कधी लागल्या नाहीत.

रेतीवर पडल्या पडल्या मी मागं पाहिलं तर खडक नव्हता. नुसतं पाणी होतं, उन्हात चकाकणारं. आपा उभी राहायला गेली आणि कमरेत वाकली. तिच्या कळा सुरू झाल्या होत्या. ज्याच्या भीतीनं अम्मानं हा सगळा घाट घातला होता ते नेमकं आता होणार होतं, सासरच्या घरी, आणि तिच्याजवळ एक कोरडं फडकंही नव्हतं. बायांनी आपाला उचलून घरात नेलं. अम्मा उंबऱ्यापाशी थबकली. मग रुकय्याबीनं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून लिहिते. तिनं चुलीवरचा पाण्याचा हंडा अम्माला दाखवला, कपड्यांची पेटी उघडून ठेवली, कोयता निखाऱ्यावर धरून तिच्या हातात दिला, आणि स्वतः ओल्या अंगानं घराबाहेर गेली. "विहीणबाई, पहिलं बाळंतपण आईच्या घरी व्हायचं ना? हे घर आता तुमचं, चाळीसावा दिवस होईपर्यंत. चूल तुमची, हुकूम तुमचा. मी शेजारी झोपेन. हाक मारलीत तर येईन, नाहीतर नाही." अम्मानं तिच्याकडं पाहिलं. मग ती पुढं होऊन रुकय्याबीच्या ओल्या मनगटाला धरून म्हणाली, "मला एकटीला जमायचं नाही. आत या."

भरती पुरी चढली होती तेव्हा मुलगी झाली. रडली ती घर दणाणून सोडत. आठव्याची नव्हतीच ती, चांगली भरलेली होती. रुकय्याबीचंच खरं होतं. दोघी म्हाताऱ्या (तेव्हा मला त्या म्हाताऱ्या वाटल्या, आज हसू येतं, माझ्या सुनेच्या वयाच्या असतील) एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि लगेच नाळ कुठं पुरायची यावरून भांडल्या. अब्बा बाहेर माडाखाली बसून होते. रुकय्याबीनं त्यांच्यापुढं पेज ठेवली तेव्हा ते म्हणाले, "बहीण, चूक झाली." ती म्हणाली, "तुमच्या नेमाशी मी खेळले, ती माझी. फिटंफाट. खा आता."

अम्मा आणि मी चाळीस दिवस बेटावर राहिलो, ते दिवस मला अजून पुरतात. अब्बांना मात्र परतायचं होतं. छठी झाली, जावई होडी घेऊन आला होता, लक्षाला बैलांची काळजी लागली होती. सकाळी अब्बा तयार झाले, पेटारा डोक्यावर घेतला. होडी रेतीत आडवी पडलेली होती, पाणी लांब. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांनी जायचं नसतं, म्हणून ते मागच्या भिंतीच्या झरोक्यापाशी जाऊन उभे राहिले. मी आत आपापाशी बसले होते. माझ्या बापानं कुठं निघताना उभ्या जन्मात कुणाला विचारलं नव्हतं, अम्माला सुद्धा नाही. ते बाहेरून म्हणाले, "हलिमा, निघू का गं?" आपा बाळाला पाजत होती. तिनं मान तिरपी करून थोडं ऐकलं, समुद्राकडून येणारा आवाज, आणि म्हणाली, "अजून नाही, अब्बा. पाणी चढू दे." बाहेर अब्बा "बरं" म्हणाले. त्यांनी पेटारा खाली उतरवल्याचा आवाज मला आला, आणि मग ते भिंतीला पाठ लावून तिथंच बसून राहिले, ती सांगेल तोवर.